जुलाब की अडकलेला मल? शौचाच्या तक्रारी असलेल्या रुग्णाची शुश्रूषा

अस्थिरोग विभागात वारंवार दिसणारे एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. ७८ वर्षांच्या एका आजींच्या खुब्याच्या हाडावर शस्त्रक्रिया होऊन सहावा दिवस आहे. सकाळपासून चार वेळा चादर बदलावी लागली असून दर वेळी थोडेसे पातळ, तपकिरी आणि उग्र वासाचे पाणी तेवढे दिसले. मुलगी म्हणते, "सिस्टर, आईला लूज मोशन होताहेत, बंद व्हायची एखादी गोळी द्या ना." आजींनी दोन दिवसांपासून जेवण जवळजवळ सोडले आहे, पोट तडस लागल्यासारखे फुगले आहे, लघवी अडखळत होते आणि काल रात्री त्या थोडे असंबद्धही बोलल्या. वरवर पाहता हे जुलाबच वाटतात. मात्र परिचारिकेने शौचाच्या नोंदीचा रकाना मागे जाऊन पाहिला, तेव्हा शस्त्रक्रियेच्या दिवसापासून तो कोरा असल्याचे तिच्या लक्षात आले. म्हणजे सहा दिवसांत आजींचे पोट एकदाही नीट साफ झालेले नव्हते.

हे जुलाब नव्हेत, जुलाबाच्या नेमकी उलटी अवस्था आहे. गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, मलाचा कडक गोळा अडकून बसला आहे आणि वरून येणारा पातळ मल त्या गोळ्याच्या कडेने पाझरतो आहे. भरलेल्या गुदाशयाचा दाब मूत्राशयावर पडल्यामुळे लघवी अडते, आणि वृद्धांमध्ये या साऱ्या त्रासाची पहिली खूण कित्येकदा बुद्धिभ्रम हीच असते. अशा रुग्णाला जुलाब थांबवणारी गोळी दिली, तर आतड्याची उरलीसुरली हालचालही मंदावते आणि अडथळा अधिक घट्ट होतो. शौचाच्या तक्रारींमधली शुश्रूषा समजून घ्यायला हे उदाहरण सोयीचे आहे, कारण यात औषधाच्या आधी नोंद, निरीक्षण आणि योग्य शब्दांत विचारलेला प्रश्न किती उपयोगी पडतो ते उघड दिसते.

मल आतड्यात तयार कसा होतो, हे थोडक्यात पाहिले म्हणजे पुढच्या गोष्टी सोप्या होतात. लहान आतड्यातून रोज साधारण एक ते दीड लिटर पातळ द्रव मोठ्या आतड्यात येतो. सुमारे दीड मीटर लांबीचे हे आतडे त्यातले बहुतेक पाणी शोषून घेते आणि अखेर मलासोबत जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते. मल आत जितका अधिक काळ रेंगाळतो, तितके पाणी अधिक शोषले जाते आणि तो तितका कडक होतो. उलट आतडे घाईने पुढे ढकलू लागले किंवा त्याचे अस्तर सुजले, तर पाणी शोषायला अवधीच मिळत नाही आणि जुलाब होतात. म्हणजे बद्धकोष्ठता आणि जुलाब या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी बव्हंशी पाणी आणि वेळ यांचे बिघडलेले गणित असते.

मल गुदाशयात उतरला की त्याची भिंत ताणली जाते आणि मेंदूला सूचना मिळते. गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप सैल पडतो, बाहेरचा मात्र आपल्या ताब्यात असतो. म्हणूनच सभेत बसलेला माणूस वेळ मारून नेऊ शकतो. ही सूचना वारंवार परतवून लावली की गुदाशयाला भरलेपणाची सवय होते, हाक क्षीण होत जाते आणि मल आतच सुकत राहतो. या हाकेची एक ठरलेली वेळही असते. जठरात अन्न किंवा चहा पडला की मोठ्या आतड्यात ढकलण्याच्या जोरदार लाटा उठतात आणि सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर त्या विशेष जाणवतात. "चहा घेतल्याशिवाय होत नाही" असे घरोघरी म्हटले जाते, त्यामागे शरीरशास्त्र आहे.

आता हीच माणसे रुग्णालयात आली की काय घडते ते पाहावे. शस्त्रक्रियेपूर्वी उपास, नंतर भूल, त्यानंतर वेदनाशामक म्हणून ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनसारखी औषधे, दिवसभर पाठीवर पडून राहणे, घरच्या भाकरी-भाजीऐवजी पेज आणि बिस्किटे, आणि सकाळच्या चहानंतर जेव्हा हाक येते नेमक्या त्याच वेळी डॉक्टरांचा राऊंड. त्यात बेडपॅन मागायला लाज वाटते म्हणून, विशेषतः स्त्रिया, मुद्दाम पाणी कमी पितात. अफूवर्गीय वेदनाशामकांचा एक गुण परिचारिकेने पक्का ध्यानात ठेवावा: मळमळ किंवा गुंगी या त्रासांची शरीराला काही दिवसांत सवय होते, बद्धकोष्ठतेची सहसा होत नाही. म्हणून असे औषध काही दिवस चालणार असेल, तर पोट साफ राखण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच लिहून घेण्याविषयी डॉक्टरांना आठवण करणे हे परिचारिकेच्या कामातच मोडते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही रक्तदाबाची औषधे, नैराश्यावर दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन, कंपवातावरची काही औषधे आणि उलटी थांबवणारे ओन्डॅन्सेट्रॉन यांनीही मल घट्ट होतो. शिवाय थायरॉइडची कमतरता, मधुमेह आणि रक्तातले पोटॅशियम कमी होणे ही कारणे असतातच. माझ्या मते वॉर्डातली निम्मी बद्धकोष्ठता आजारापेक्षा वॉर्डाच्या वेळापत्रकातून उपजते. त्यामुळे तिच्यावरचा पहिला उपायही औषधाच्या कपाटात शोधण्याचे कारण नाही.

शौचाविषयी विचारणे हे कौशल्याचे काम आहे. सकाळच्या धावपळीत लांबूनच "मोशन झालं का?" असे विचारले की शेजारच्या खाटेवरचे ऐकत आहेत या संकोचाने रुग्ण नुसती मान हलवतो आणि वहीत "झाले" अशी नोंद पडते. खेड्यातून आलेल्या आजोबांना मोशन हा शब्द कळेलच असे नाही. ते परसाकडे जाणे म्हणतील, कोणी "बाहेरचं झालं नाही" म्हणेल, कोणी नुसतेच "पोट जड आहे" म्हणून थांबेल. सुनेसमोर सासरे बोलणार नाहीत आणि मुलासमोर आई बोलणार नाही. म्हणून पडदा ओढून, जवळ बसून, रुग्णाच्याच शब्दांत विचारावे: शेवटचे पोट साफ कधी झाले, घरी साधारण किती दिवसांनी होते, किती कुंथावे लागते, झाल्यावर मोकळे वाटते की अर्धवट राहिल्यासारखे वाटते, रक्त किंवा आव पडते का, वारा सरतो का, घरी कोणते चूर्ण किंवा काढा घेण्याची सवय आहे का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी असते आणि ते केसपेपरवर कुठेच नसते. रोज झालेच पाहिजे हा समज घट्ट रुजलेला असला तरी दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंतचे प्रमाण सामान्य धरले जाते. त्यामुळे तुलना शेजाऱ्याशी न करता त्या माणसाच्या स्वतःच्या नेहमीच्या सवयीशी करावी लागते.

"झाले" या एका शब्दाची नोंद जवळजवळ निरुपयोगी आहे. मलाचे स्वरूप नेमके सांगता यावे म्हणून इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातल्या स्टीफन लुईस आणि केनेथ हीटन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला सात प्रकारांचा तक्ता आज जगभर वापरला जातो. पहिल्या प्रकारात मल शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा आणि टणक असतो, दुसऱ्यात गाठी एकमेकींना चिकटून लांबट गोळा झालेला असतो, तिसऱ्यात आकार लांब पण वरून भेगाळलेला आणि चौथ्यात तो गुळगुळीत व मऊ असतो. पाचव्यात मऊ सुटे तुकडे, सहाव्यात कडा विरलेला लगदा आणि सातव्यात निव्वळ पाणी. तिसरा आणि चौथा प्रकार हवासा मानला जातो. या तक्त्याचा खरा फायदा असा, की रात्रपाळीच्या सिस्टरने लिहिलेले "प्रकार २, थोडेसे, कुंथून" हे सकाळच्या सिस्टरला न विचारताही समजते. रंगही लिहावा. डांबरासारखा काळा, चिकट आणि दुर्गंधीयुक्त मल जठर किंवा वरच्या आतड्यातला रक्तस्राव सुचवतो, पण लोहाच्या गोळ्या चालू असतील तरीही मल काळपट दिसतो. म्हणून रंगाच्या नोंदीबरोबर चालू औषधांकडेही पाहावे. चिकणमातीसारखा पांढुरका मल पित्ताचा मार्ग अडल्याची खूण असू शकते, आणि ताजे लाल रक्त दिसले तर ते मूळव्याधीचेच असणार असे स्वतःच ठरवून मोकळे होऊ नये.

पोट तपासताना आधी पाहावे, मग स्टेथोस्कोपने ऐकावे आणि त्यानंतरच हाताने दाबावे. दाबल्यामुळे आतड्याचे आवाज बदलतात, म्हणून हा क्रम उलटा करू नये. पोट ताठ फुगलेले, उलट्या चालू, वारा सरणे बंद आणि आतड्याचे आवाज नाहीसे झालेले किंवा धातूवर आपटल्यासारखे किणकिणते, अशी लक्षणे असतील तर ती साधी बद्धकोष्ठता नसून आतड्याला अडथळा झाल्याची किंवा आतडे लुळे पडल्याची शक्यता असते. अशा वेळी पोट साफ करणारे औषध किंवा एनिमा (गुदमार्गातून नळीने आत सोडलेला द्रव) देणे धोक्याचे असते. रुग्णाला तोंडाने काहीही न देता ताबडतोब डॉक्टरांना कळवावे.

असा धोका नाही याची खात्री पटली की पहिला उपाय म्हणजे शरीराला त्याची वेळ, बसण्याची पद्धत आणि आडोसा परत मिळवून देणे. सकाळच्या चहानंतर किंवा नाश्त्यानंतर १५ ते ३० मिनिटांनी रुग्णाला शौचाला बसवावे, मग हाक आलेली असो वा नसो. दहा मिनिटे शांतपणे बसू द्यावे, दाराशी उभे राहून घाई करू नये. आपल्याकडच्या बहुतेकांची सवय उकिडवे बसण्याची असते आणि त्या बैठकीत गुदाशय व गुदमार्ग यांच्यामधला कोन सरळ होऊन मल कमी जोरात बाहेर पडतो. कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट ठेवावा असा सल्ला दिला जातो, तो याच कारणाने. मात्र हा सल्ला आमच्या आजींना सरसकट लागू करता येत नाही. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाचे गुडघे कंबरेच्या पातळीच्या वर गेले तर सांधा निखळण्याचा धोका असतो. त्यांना उंच बैठकीचा कमोड लागतो आणि पाटाऐवजी किंचित पुढे झुकण्याची मुभाही सर्जनला विचारूनच द्यावी लागते. एकाच तक्रारीवरचा एकच सल्ला दोन खाटांवर कसा बदलतो, ते इथे दिसते.

ज्याला खाटेवरून उठताच येत नाही, त्याच्यासाठी बेडपॅन. एवढे साधे दिसणारे भांडे देण्याची रीतसुद्धा शिकावी लागते. स्टीलचे भांडे थंडगार असते. ते आधी कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्यावे, नाहीतर गार स्पर्शाने स्नायू आवळले जातात. खुब्याच्या रुग्णासाठी पुढची कड पातळ असलेले चपटे बेडपॅन वापरावे आणि खाटेवरची त्रिकोणी कडी धरून रुग्णाने स्वतःला उचलून घेताच ते चांगल्या पायाच्या बाजूने सरकवावे. परवानगी असेल तर खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलावी, कारण सपाट झोपून मलविसर्जन करून पाहिले की ते किती अवघड आहे हे कोणालाही समजेल. भांडे काढताना ओढू नये. ओढल्याने माकडहाडावरची कातडी घासली जाते आणि झोपून असलेल्या रुग्णात तिथूनच शय्याव्रणाची सुरुवात होते. घंटा हाताशी द्यावी, पडदा लावावा, आणि मावशींना हाक मारल्यावर त्या लवकर येतील याची व्यवस्था करावी. भरलेल्या बेडपॅनवर अर्धा तास पडून राहावे लागलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी बेडपॅन मागतच नाही.

पाणी आणि चोथा यांचा सल्ला सगळेच देतात. त्यात एक खाच आहे. प्रौढ माणसाने दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ खावेत असे सांगितले जाते, आणि ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, उसळी, पेरू, पपई यांतून ते मिळतात. इसबगोल मात्र पाणी धरून फुगणारा पदार्थ आहे. तो पेलाभर पाण्याबरोबर लगेच प्यायचा असतो आणि नंतरही पाणी लागते. जो रुग्ण दिवसभरात जेमतेम दोन पेले पाणी पितो, अंथरुणाला खिळलेला आहे किंवा ज्याला गिळायला त्रास होतो, त्याला इसबगोल दिला तर तोच आत घट्ट होऊन अडथळा ठरू शकतो. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना "भरपूर पाणी प्या" असे परस्पर सांगू नये. त्यांचे पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवलेले असते.

औषधांचा वेळ ठाऊक असला की ती कधी द्यायची ते ठरवता येते. लॅक्टुलोज आतड्यात पाणी ओढून मल मऊ करते आणि त्याला एक ते दोन दिवस लागतात. संध्याकाळी देऊन रात्री परिणाम दिसला नाही म्हणून मात्रा वाढवण्यात अर्थ नसतो. बिसाकोडिलची गोळी सहा ते बारा तासांत काम करते, म्हणून ती झोपताना द्यावी. तिच्यावरचे आवरण जठरात विरघळू नये यासाठी ती चावू नये आणि दूध किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घेऊ नये. हेच औषध गुदमार्गात ठेवायच्या गोळीच्या रूपात १५ मिनिटे ते तासाभरात परिणाम दाखवते. ही गोळी मलाच्या गोळ्यात खुपसली तर वाया जाते. ती गुदाशयाच्या भिंतीला टेकली पाहिजे.

एनिमा हा शब्द ऐकला की रुग्ण दचकतो आणि काही ठिकाणी तो फार सहज दिला जातो. दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. रुग्णाला डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाकडे घेऊन झोपवतात, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणाचा भाग डावीकडे असतो आणि द्रव उताराने आत जातो. नळीच्या टोकाला जेली लावून प्रौढांमध्ये ती ७.५ ते १० सेंटिमीटर, बेंबीच्या दिशेने, अलगद सरकवावी. अडथळा जाणवला तर जोर न लावता थांबावे. द्रव कोमट असावा. गार पाण्याने कळा येतात आणि गरम पाण्याने आतले अस्तर भाजते. डबा गुदद्वारापासून साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर उंच धरावा आणि कळ आली की नळी चिमटून, डबा खाली घेऊन रुग्णाला तोंडाने दीर्घ श्वास घ्यायला सांगावे. कमोडवर बसवून एनिमा देऊ नये, कारण त्या स्थितीत नळी गुदाशयाच्या वळणावर टोचू शकते. "साफ पाणी येईपर्यंत" अशी सूचना असली तरी सलग तीनपेक्षा अधिक एनिमा न देता डॉक्टरांना विचारावे. साधे पाणी वारंवार शोषले गेले तर रक्तातल्या क्षारांचे प्रमाण बिघडते. तयार मिळणारा फॉस्फेटचा एनिमा आकाराने लहान असल्यामुळे निरुपद्रवी वाटतो, पण मूत्रपिंड अशक्त असलेल्या आणि वयोवृद्ध रुग्णांत तो धोकादायक ठरू शकतो.

आमच्या आजींच्या बाबतीत डॉक्टरांनी हातमोजा घातलेल्या बोटाने तपासणी केली आणि कडक गोळा असल्याचे निश्चित झाले. आधी तेलाचा छोटा एनिमा देऊन तो तासभर आत राहू दिला, त्यानंतर उरलेला मल बोटाने तुकडे करून थोडा थोडा काढावा लागला. हे काम वैद्यकीय आदेशाशिवाय आणि प्रशिक्षणाशिवाय करायचे नसते. गुदाशयाला चाळवल्याने व्हेगस मज्जातंतू उद्दीपित होऊन नाडी एकाएकी मंदावू शकते; म्हणून आधी नाडी मोजावी, काम चालू असताना एक हात नाडीवर ठेवणारी दुसरी परिचारिका असावी, आणि नाडी कमी झाली, घाम फुटला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे. पाठीच्या कण्याला छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर दुखापत झालेल्या रुग्णात धोका निराळा असतो. भरलेला गुदाशय किंवा त्याला झालेला स्पर्श एवढ्यानेही त्याचा रक्तदाब झपाट्याने चढतो, डोके ठणकते, चेहरा लाल होऊन घाम फुटतो. अशा वेळी काम थांबवून रुग्णाला ताबडतोब उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, रक्तदाब मोजत राहावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

हृदयविकाराच्या रुग्णाने कुंथणे घातक का, हेही इथेच सांगायला हवे. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि श्वास सोडताच ते एकदम धाव घेते. या चढउतारात दुबळ्या हृदयाचा ठोका चुकू शकतो. अतिदक्षता विभागात मल मऊ राखणारे औषध दिले जाते, ते रुग्णाच्या सोयीपुरते नसते.

आता खऱ्या जुलाबाकडे वळू. दिवसात तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचाला झाले तर त्याला जुलाब म्हणतात. इथे परिचारिकेचे लक्ष मलापेक्षा शरीरातून गेलेल्या पाण्याकडे असावे: जीभ कोरडी आहे का, डोळे खोल गेले आहेत का, पोटावरच्या कातडीची चिमटी सोडल्यावर हळू बसते का, लघवी किती वेळापूर्वी झाली. पोटॅशियम गेल्यामुळे आलेला अशक्तपणा आणि अनियमित नाडी यांवरही नजर हवी. जलसंजीवनीचे एक पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुधा एक लिटर पाण्यात, एकाच वेळी विरघळवावे आणि २४ तासांत संपवावे. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात टाकण्याची सवय फार दिसते आणि त्यात क्षारांचे प्रमाण हमखास चुकते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ असताना शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आला. चमच्याचमच्याने पाजत बसणे ही शुश्रूषा किती मोलाची असते, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

ताप असेल, मलात रक्त असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी परस्पर देऊ नये. प्रतिजैविके चालू असताना अचानक जुलाब सुरू झाले, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूची शंका घ्यावी लागते. त्याचे बीजाणू हाताला चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रवाने मरत नाहीत. साबण आणि वाहते पाणी यांनीच हात धुवावे लागतात. वॉर्डात जागोजागी सॅनिटायझरच्या बाटल्या लटकत असल्यामुळे हे हमखास विसरले जाते.

मलावरचा ताबा सुटलेल्या रुग्णाला डायपर बांधला की काम झाले, असे मानण्याकडे कल असतो. डायपर ही सोय आहे, उपचार नाही. ताबा का सुटला, हे शोधावे लागते: आमच्या आजींसारखा अडकलेला गोळा आहे का, पक्षाघातामुळे हाकच कळत नाही का, की हाक कळते पण उठून जाईपर्यंत उशीर होतो. तिसऱ्या प्रकारच्या रुग्णाची खाट शौचालयाजवळ हलवली आणि ठरावीक वेळी त्याला नेऊन बसवले, तर डायपर लागतच नाही. मल कातडीवर राहिला की त्यातली पाचक द्रव्ये आणि ओलावा मिळून काही तासांत कातडी लाल करतात. म्हणून प्रत्येक वेळी कोमट पाण्याने, न घासता, पुढून मागे धुवावे, मऊ कापडाने टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. टाल्कम पावडर ओलाव्यात मिसळली की तिचे खडे बनतात आणि तेच टोचतात.

पोटावर आतड्याचे तोंड काढलेल्या रुग्णाची शुश्रूषा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे तीनच गोष्टी सांगतो. ते तोंड ओठाच्या आतल्या बाजूसारखे गुलाबी-लाल आणि ओलसर असावे, काळपट किंवा निळसर दिसले तर त्याच क्षणी सर्जनला कळवावे. मल गोळा होण्यासाठी त्या तोंडावर लावलेली पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करावी, कारण जड झालेली पिशवी कातडीवरून सुटते. पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचे छिद्र त्या तोंडापेक्षा फक्त दोन-तीन मिलिमीटर मोठे कापावे, नाहीतर उघड्या राहिलेल्या कातडीवर मल साचून ती सोलवटते.

आजींचे पोट मोकळे झाल्यावर त्या दुपारी दोन घास भात जेवल्या, लघवी सुटली आणि रात्री त्यांनी नातवाला नावाने ओळखले. ट्रामाडॉलची गरज पुन्हा तपासून ते कमी करण्यात आले, लॅक्टुलोज सुरू झाले आणि सकाळच्या चहानंतर उंच कमोडवर बसवण्याची वेळ ठरली. आठव्या दिवशी रकान्यात पहिली पूर्ण नोंद आली: सकाळी ७.४०, प्रकार ३, मध्यम, थोडे कुंथून. घरी जाताना मुलीला एक वही देण्यात आली. त्यात तारीख, वेळ, स्वरूप आणि प्यायलेले पाणी एवढेच चार रकाने आखलेले होते आणि खाली दोन सूचना लिहिल्या होत्या: सलग तीन दिवस रकाना कोरा राहिला तर चौथ्याची वाट न पाहता फोन करावा, आणि पोट साफ झालेले नसताना एकाएकी पातळ व्हायला लागले तर जुलाब थांबवणारी गोळी देण्याआधी वही पाहावी.